सहाव्या दिवसासाठी : प्रस्तावना

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पहिल्यांदा ‘कायझेन सप्ताह’ चालवला, तेव्हा माझ्या गळ्यात स्टॉपवॉच होतं आणि डोक्यात पुस्तकं होती. प्रेसशॉपमधल्या एका ऑपरेटरच्या मागे उभा राहून दोन दिवस मी त्याच्या हालचाली टिपल्या. तिसऱ्या दिवशी त्याची बिनांची रॅक पाच पावलं अलीकडे आणली, चौथ्या दिवशी तिच्याभोवती पिवळे पट्टे मारले आणि पाचव्या दिवशी मालकांसमोर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवून टाळ्या घेतल्या. दीड महिन्यानं सहज चक्कर टाकली तर रॅक जुन्या जागी परतली होती. रिकाम्या जागेभोवती पिवळा पट्टा तेवढा इमानेइतबारे टिकून होता.

ज्यांच्या मागे मी दोन दिवस उभा होतो त्यांना शॉपमध्ये सगळे मामा म्हणत. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही दिवसपाळीला बघितलंत. रात्रपाळीला तिथं उजेड नसतो. पार्टवरची चीर दिसत नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललात, मामा?”

ते हसले. “तुम्ही विचारलं कुठं?”

त्यानंतर असे बरेच सप्ताह चालवले. काही फसले, काही टिकले. फसलेल्यांची कारणं शोधत मागे गेलो की बहुतेक वेळा त्या रॅकपाशीच येऊन पोचायचो. ज्याचं जळतं त्याला कळतं हे आपण सगळेच म्हणतो, पण ज्याला कळतं त्याला विचारण्याची सोय फार थोड्या कारखान्यांत असते. ही सोय करून देणं, तिच्यासाठी वेळ, जागा, माणसं आणि अधिकार ठरवून देणं, एवढाच सुधारणा सप्ताहाचा खरा हेतू. हे पुस्तक ते काम नीट कसं करावं याबद्दल आहे.

‘कायझेन’ हा शब्द जपानी. ‘काय’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगला. चाकणपासून वाळूजपर्यंत आणि अंबडपासून शिरोलीपर्यंत तो आता इतका रुळला आहे, की ‘आज एक कायझेन टाकला’ असं ऑपरेटर सहज बोलून जातो. काम करता करता ज्याला त्याला सुचणारी आणि लगेच अमलात येणारी लहान सुधारणा, हा त्याचा रोजचा अर्थ. सप्ताह हे त्याचं आटवलेलं रूप. सहा ते आठ माणसं तीन ते पाच दिवस नेहमीच्या कामातून पूर्ण मोकळी करायची, त्यांना एकच जागा आणि एकच दुखणं नेमून द्यायचं, आणि त्याच जागेवर उभं राहून त्याच आठवड्यात ते दुखणं कमी करून दाखवायचं. सूचनापेटीत चिठ्ठी टाकणारा माणूस चिठ्ठी टाकून कामाला परततो. पुढचं दुसऱ्यांच्या हाती. क्वालिटी सर्कल आठवड्याला तासभर बसतं आणि एक विषय महिनोन्‌महिने चालवतं. सप्ताहात ज्याला सुचलं त्यानंच दुसऱ्या दिवशी पाना हातात घ्यायचा असतो.

कामगाराला विचारावं ही कल्पना मुळात जपानी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीनं १८९८ मध्ये सूचना योजना सुरू केली, तेव्हा पहिलं बक्षीस दोन डॉलरचं होतं. ज्या कामगाराला ते मिळालं त्याची सूचना एवढीच होती, की खिडक्यांच्या काचा धुवा, म्हणजे कामाच्या जागी उजेड येईल. हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले. शतक उलटलं, देश बदलला, तक्रार उजेडाचीच.

पण त्याच सुमाराला अमेरिकेत दुसरा एक विचार जोर धरत होता. फ्रेडरिक टेलरनं कामाची सरळ वाटणी करून टाकली होती. उत्तम रीत शोधून काढायची ती तज्ज्ञानं आणि ती निमूट पाळायची ती कामगारानं. ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात, फाउंड्रीतल्या एका मोल्डरच्या मागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला. मोल्डरनं वेळ मोजू द्यायला नकार दिला. त्याला कामावरून काढलं, तेव्हा बाकीचे मोल्डरही काम टाकून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं, खुद्द टेलरची साक्ष झाली, आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरायला बंदी राहिली. आपल्याकडच्या कुठल्याही फाउंड्रीत आज न सांगता घड्याळ घेऊन उभे राहा. मोल्डर बाहेर पडणार नाहीत कदाचित, पण हात मात्र नक्की संथ होतील. घड्याळाचं वावडं कोणालाच नसतं. ते कोणाच्या हातात आहे आणि आकडा कोणाच्या विरुद्ध वापरला जाणार आहे, हे माणूस बघत असतो. याच पुस्तकात पुढे सांगितलं आहे की सप्ताहात स्टॉपवॉच ऑपरेटरच्याच हातात द्यावं. ती युक्ती नव्हे. वॉटरटाउनचा धडा आहे.

दुसऱ्या महायुद्धात अनुभवी कारागीर सैन्यात गेले आणि अमेरिकी कारखाने नवख्यांवर चालवायची वेळ आली. तेव्हा, १९४० ते १९४५ या काळात, ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. सुपरवायझरनं काम शिकवावं कसं, कामाची रीत सुधारावी कशी आणि माणसांशी वागावं कसं, हे तो शिकवी. रीत सुधारण्याच्या भागात कामाच्या प्रत्येक बारीक पायरीला प्रश्न विचारायचे असत. ही पायरी का हवी? कुठं, केव्हा, कोणी, कशी करावी? युद्ध संपताच अमेरिकेत हा कार्यक्रम गुंडाळला गेला. अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये मात्र तो पोचला, रुजला आणि तिथल्या मातीचा झाला.

टोयोटाची गोष्ट सगळे सांगतात, पण तिचं पहिलं पान बहुतेक जण उलटून जातात. १९५० साली टोयोटा बुडण्याच्या बेतात होती. कामगारकपातीवरून मोठा संप झाला. दोन हजारांहून अधिक माणसांना घरी जावं लागलं, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. उरलेल्या कामगारांना नोकरीची हमी आणि कंपनीला कामगारांची साथ, हा व्यवहार त्या जखमेतून उभा राहिला. त्याच वर्षी एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचे कारखाने बघून आले, आणि फोर्डकडची सूचना योजना बघून १९५१ मध्ये टोयोटानं आपली योजना सुरू केली. क्रम लक्षात घ्या. आधी पोटाची हमी, मग डोक्याची मागणी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. सप्ताहात तीन माणसांचं काम दोघांत बसवून दाखवलं आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्याचा गेटपास बंद झाला, तर त्या कारखान्यात पुन्हा कोणी तोंड उघडत नाही. युनियनचा माणूस पहिल्याच बैठकीत विचारतो, “यातून कोणाची भाकरी जाणार?” हा अडवणुकीचा प्रश्न नाही. व्यवस्थापनाकडे त्याचं लेखी उत्तर नसेल, तर सप्ताह पुढे ढकलावा. वाचलेली माणसं दुसऱ्या कामाला लावू, कंत्राटी माणसालाही याच कारणासाठी कमी करणार नाही, असं सहीनिशी लिहून द्यावं आणि ते कँटीनच्या फळ्यावर लावावं.

टोयोटात ताइइचि ओनो यांनी उत्पादनाची जी पद्धत घडवली, तिच्याबद्दल एक प्रसिद्ध हकीकत आहे. ते नव्या इंजिनिअरला शॉपमध्ये नेत, जमिनीवर खडूनं वर्तुळ काढत आणि सांगत, यात उभा राहा आणि बघ. तासन्‌तास. मी सप्ताहात पहिल्या दिवशी हा प्रयोग सगळ्यांकडून अर्धा तास तरी करून घेतो. पहिल्या दहा मिनिटांत माणसाला काही दिसत नाही, पुढच्या दहात कंटाळा येतो, आणि त्यानंतर मात्र दिसायला लागतं. हेल्पर ट्रॉली घेऊन तिसऱ्यांदा त्याच वळणावर थांबला. ऑपरेटर प्रत्येक जॉबला कमरेतून वाकतो आहे. एक माणूस कागद हातात धरून सहीसाठी उभा आहे. रोज मरे त्याला कोण रडे, तसं या गोष्टींचं झालेलं असतं. त्या रोज घडतात, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

शिगेओ शिंगो यांची बोल्टची गोष्ट तर सप्ताह चालवणाऱ्या प्रत्येकानं सांगावी अशी आहे. १९५० मध्ये ते हिरोशिमात, आज माझदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तोयो कोग्यो कंपनीत मोठ्या प्रेसचं काम बघत होते. डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला आणि तासाभरानं घामाघूम होऊन परतला. बोल्ट काही मिळाला नव्हता. दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट काढून, कापून, त्याला आटे पाडून त्यानं काम भागवलं होतं. एवढा वेळ प्रेस बंद. शिंगोंच्या लक्षात आलं की डाय बदलण्याच्या कामात दोन जातींची कामं मिसळलेली असतात. काही कामं मशीन थांबवल्याशिवाय होतच नाहीत. बाकीची, म्हणजे बोल्ट शोधणं, पाने गोळा करणं, पुढचा डाय आणून ठेवणं, मशीन चालू असतानाच उरकता येतात. घरी पोळ्या करणारं कोणीही हे सांगेल. तवा तापल्यावर कोणी कणीक भिजवायला घेत नाही. पण कारखान्यात आपण रोज तेच करत असतो. पुढे १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत, ते शिंगोंनी आधी दीड तासावर आणले आणि मग तीन मिनिटांवर. हा आकडा ऐकून मालक मंडळी हुरळतात. त्यांना मी एवढंच सांगतो की बोल्ट हरवला तो १९५० मध्ये आणि तीन मिनिटं झाली ती १९६९ मध्ये. मधली एकोणीस वर्षं कुठल्याही सप्ताहात बसत नाहीत.

पाच दिवसांचा साचा त्यामानानं अलीकडचा आहे. १९७०च्या दशकात टोयोटा आणि तिचे पुरवठादार गट करून एकमेकांच्या कारखान्यात जाऊन अडचणी सोडवत, त्याला ते ‘जिशुकेन’ म्हणत. मसाआकी इमाई यांच्या १९८६च्या पुस्तकानं कायझेन हा शब्द जगभर नेला. १९८७ मध्ये ओनोंच्या तालमीत तयार झालेल्या काही जणांनी ‘शिंगिजुत्सु’ ही सल्लागार संस्था काढली, आणि तिच्या माणसांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या कारखान्यांत सोमवारी शिरून शुक्रवारी मशिनांची जागा बदललेली दाखवायला सुरुवात केली. तिथून हा साचा पसरला. तो फक्त कारखान्यापुरता राहिला नाही. सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाचे वरिष्ठ डॉक्टर आणि अधिकारी २००२ मध्ये जपानला जाऊन आले, आणि त्यांनी रुग्णाची वाट, त्याचं थांबणं, परिचारिकेची पायपीट यांवर असेच सप्ताह घ्यायला सुरुवात केली.

भारतात हा प्रवाह आधी क्वालिटी सर्कलच्या रूपानं आला. जपानमध्ये १९६२ मध्ये काओरू इशिकावांच्या प्रेरणेनं सुरू झालेली ही चळवळ १९८०च्या सुमारास हैदराबादजवळच्या ‘भेल’च्या रामचंद्रपुरम कारखान्यात पोचली, आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. आपल्या महाराष्ट्रातले कित्येक ऑपरेटर जन्मात पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले ते या सर्कलच्या मेळाव्यांत, केस स्टडी मांडायला. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला, ज्याचे कारखाने कांदिवली आणि नागपूरलाही आहेत, जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. मोठ्या कंपन्यांनी मग आपल्या पुरवठादारांकडे तोच आग्रह धरला, आणि पंधरा-वीस माणसांच्या शेडपर्यंत कायझेनचे फलक पोचले. फलक पोचले म्हणजे रीत पोचली असं नाही. या पुस्तकाचा वाचक मुख्यतः त्या शेडमधला आहे.

आता प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. सप्ताह सोमवारी सुरू होतो हा मोठाच गैरसमज आहे. तो तीन-चार आठवडे आधी सुरू होतो, आणि तिथंच जिंकला किंवा हरला जातो. ‘गुणवत्ता सुधारणे’ हा सप्ताहाचा विषय होऊ शकत नाही. ‘चार नंबरच्या प्रेसवर डाय बदलायला सत्तर मिनिटं लागतात, ती पस्तीसवर आणणे’ हा होऊ शकतो. जागा बोटानं दाखवता आली पाहिजे आणि यश घड्याळानं किंवा मोजून सांगता आलं पाहिजे. आजचा आकडा आधीच्या महिन्यात तिन्ही पाळ्यांमध्ये टिपून ठेवावा. तसं केलं नाही तर सुधारणा झाली की नाही यावर शुक्रवारी वाद घालत बसावं लागतं.

माणसं निवडताना निम्मी त्याच जागेवरची हवीत, आणि त्यांत रात्रपाळीचा एक जण हवाच. मेंटेनन्सचा एक, टूलरूमचा एक. ज्या विभागाकडून माल येतो तिथला एक. आणि एक अगदी बाहेरचा, अकाउंट्समधला किंवा स्टोअरमधला, ज्याला त्या कामातलं काही कळत नाही. तो विचारतो, “हे दोनदा का मोजता?” आणि सगळे एकमेकांकडे बघतात. विभागप्रमुखाला गटात घ्यावं की नाही यावर मतभेद आहेत. माझा अनुभव असा की त्यानं सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास यावं. तो दिवसभर बसला की सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात.

पैशांबद्दल एक नियम पाळावा. गटाला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायची मुभा आधीच लेखी द्यावी आणि मेंटेनन्सचा एक फिटर पाच दिवस त्यांच्या दिमतीला ठेवावा. बुधवारी दुपारी दोन अँगल आणि चार बोल्ट हवे असताना परचेसची सही शुक्रवारी मिळणार असेल, तर तो सप्ताह तिथंच मेला. नव्या मशीनची मागणी मात्र पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावी. सप्ताह हा अक्कल खर्च करण्याचा असतो, भांडवल खर्च करण्याचा नाही.

पाच दिवसांची आखणी आत सविस्तर दिली आहे. इथं तिचा कणा तेवढा सांगतो. पहिला दिवस बघण्याचा आणि मोजण्याचा. दुसरा ‘का’ विचारण्याचा. आणि ‘का’चं उत्तर ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ असं आलं की समजावं, आपण एक ‘का’ आधीच थांबलो आहोत. तिसरा दिवस करून बघण्याचा, तेही पुठ्ठा, दोरी, टेप आणि जुनं लाकूड वापरून, वेल्डिंग शेवटी. चौथ्या दिवशी नवी रीत तिन्ही पाळ्यांमध्ये चालवायची. हा दिवस कोणी गाळू नये. मी गाळला होता. पाचव्या दिवशी नव्या रीतीचा एक पानी तक्ता करायचा, चित्रांसह, त्या जागेवरच्या माणसाच्या भाषेत. हिंदी भाषक कामगार असतील तर हिंदीतही. जिथं ठरलेली रीत नाही तिथं सुधारणा टिकत नाही, कारण ती कशापेक्षा चांगली हेच कोणाला सांगता येत नाही.

साफसफाईबद्दल वेगळं प्रकरण आहे, पण एक गोष्ट इथंच सांगण्याजोगी. आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला मशीन धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून पुजायची प्रथा आहे. कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तेलाची गळती, सैल बोल्ट, तडा गेलेलं कव्हर हे सगळं वर्षातून त्याच दिवशी हाताला लागतं. पुसणारा हात तपासत असतो. फाइव्ह एसच्या तिसऱ्या पायरीचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. दसऱ्याचा तो तास रोजच्या दहा मिनिटांत वाटून टाकता आला, तर निम्मे ब्रेकडाउन आधीच बोलून दाखवतात.

आता दोन रोगांबद्दल, कारण ते मी स्वतः पसरवले आहेत. पहिला रोग समारंभाचा. टी-शर्ट, बॅनर, सेल्फीची चौकट, केक. कौतुक जरूर व्हावं. ऑपरेटर आपल्या तोंडानं आपलं काम मांडतो आणि संचालक खाली बसून ऐकतात, हा क्षण कित्येकांच्या नोकरीतला सर्वांत मोठा असतो. पण कौतुकाची तारीख ठरली की तिच्याआधी काहीतरी चकचकीत दाखवण्याची घाई होते, आणि रंगाचा डबा सुधारणेपेक्षा आधी उघडतो. दुसरा रोग मोजणीचा. ‘दरमहा माणशी दोन कायझेन’ असं फर्मान निघालं की मार्चअखेरीला एकाच डस्टबिनची जागा तीन वेळा बदलली जाते आणि तीन कायझेन शीट भरली जातात. माणसं आळशी असतात म्हणून हे घडत नाही. आपण जे मोजतो तेच ती आपल्याला पुरवतात.

नव्याचे नऊ दिवस असतात असं आपण म्हणतो. सप्ताहात ते पाचच असतात. म्हणून या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग सहाव्या दिवसाबद्दल आहे. शुक्रवारी उरलेल्या कामांची यादी कोणाकडे जाते, प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख आहे का, तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी तोच आकडा पुन्हा कोण मोजतं, नवा ट्रेनी आला तर त्याला नवी रीत कोण शिकवतं, आणि नवी रीत चुकीची ठरली तर ती सोडून द्यायची परवानगी आहे का, हे त्यातले प्रश्न. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावं. माझ्या रॅकच्या बाबतीत ऑपरेटरांनी ती गुपचूप मागे नेली आणि मला कोणी सांगितलं नाही. त्यांनी उघड मागे नेली असती आणि कारण फळ्यावर लिहिलं असतं, तर तो दुसऱ्या सप्ताहाचा विषय झाला असता. सुधारणा मागे घेण्याचा मान ज्या कारखान्यात कामगाराला आहे, तिथं सुधारणा टिकतात, असा माझा निष्कर्ष आहे.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात तयारी, दुसऱ्यात पाच दिवस, तिसऱ्यात पुढचे नव्वद दिवस. चौथ्या भागात कार्यालयं, दवाखाने आणि गोदामं यांच्यासाठी वेगळ्या सूचना आहेत. तिथं मशीन दिसत नाही, पण टेबलावर थांबलेली फाइल हीसुद्धा लाईनवर अडकलेल्या जॉबसारखीच असते. शेवटी कोरे तक्ते दिले आहेत, ते झेरॉक्स काढून वापरावेत. क्रमानं वाचलं पाहिजे असं नाही. ज्यांचा सप्ताह नुकताच फसला आहे त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी.

हे पुस्तक ज्यांच्यामुळे लिहिता आलं त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही कायझेन शीटवर नाहीत. शीटवर साहेबांची नावं असतात. त्या फिटर, मोल्डर, हेल्पर आणि कँटीनमधल्या मंडळींचे हे ऋण आहे आणि ते फिटणारं नाही.

वाचकाला एकच विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एकदा रात्रपाळीला आपल्या शॉपमध्ये जा. वही नको, घड्याळ नको, मोबाइल खिशात ठेवा. तिथल्या सर्वांत जुन्या माणसाशेजारी उभं राहा आणि विचारा, “इथं कशाचा त्रास होतो?” उत्तर मिळेल त्यातलं एक काम दुसऱ्या दिवशी करून टाका, आणि मगच सप्ताहाची तारीख ठरवा.

भोसरीच्या त्या कारखान्यात नंतर आम्ही रॅकला हात लावला नाही. प्रेसच्या वर एक ट्यूबलाइट बसवली. आठवड्याभरात रॅक ऑपरेटरांनीच अलीकडे आणून ठेवली, पिवळ्या पट्ट्याच्या आत.